तापातील रक्त

पावसाळा सरत आला आणि वसतिगृहातील एखाद्या मुलाला ताप आला, की गावाहून येणाऱ्या दूरध्वनीवर पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “प्लेटलेट किती आहेत?” या भीतीला आधार आहे, परंतु एकट्या आकड्याने आजार कळत नाही. म्हणून गंभीर संसर्गात रक्ताचे नेमके काय होते, याचा थोडा अभ्यास आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रक्त गोठण्याचा धडा आम्ही एकदा शिकवितो आणि रोगप्रतिकाराचा निराळा. जखम झाली की रक्तपट्टिका, म्हणजेच प्लेटलेट, तेथे जमतात, फायब्रिनचे धागे विणले जातात, रक्त थांबते. जंतू आले की पांढऱ्या पेशी त्यांना तोंड देतात. शिकविण्यास ही विभागणी सोयीची आहे; निसर्गाने मात्र ती केलेली नाही.

ओडिशाच्या किनाऱ्यावर घोड्याच्या नालेसारख्या आकाराचा एक प्राणी आढळतो. त्याला खेकडा म्हणतात, पण नात्याने तो विंचवाला अधिक जवळचा. त्याचे रक्त निळे असते. त्याच्या अमेरिकी भाईबंदांवर काम करताना फ्रेडरिक बँग यांनी 1956 मध्ये नोंदविले, की विशिष्ट जीवाणूंचा संसर्ग होताच या प्राण्याचे रक्त गोठते. त्याच्या रक्तपेशी जंतूला ओळखतात आणि त्याच पेशी त्याला गुठळीत कोंडतात. पहारेकरी आणि गवंडी तेथे एकच. सुईने द्यावयाची औषधे जीवाणूंच्या विषापासून मुक्त आहेत की नाहीत, हे पाहण्याची कसोटी पुढे याच रक्तातून तयार झाली.

मनुष्यात ही कामे वाटली गेली, तरी जुने नाते सुटलेले नाही. जंतूची चाहूल लागताच काही पांढऱ्या पेशी गोठण्याची क्रिया सुरू करणारे प्रथिन आपल्या पृष्ठभागावर आणतात. काही तर स्वतःच्या डीएनएचे जाळे बाहेर फेकतात. बर्लिनमधील संशोधकांनी 2004 मध्ये हे दाखवून दिले. या जाळ्यात जंतू अडकतात, तशाच रक्तपट्टिकाही. संसर्ग एका जागी असेल तर हे कुंपण हितकारक ठरते. तो रक्तातून सर्वत्र पसरला, तर सूक्ष्म वाहिन्यांत जागोजागी गुठळ्या होतात, मूत्रपिंडे व फुप्फुसे उपाशी पडतात. गोठण्याचे साहित्य त्यात खर्ची पडते आणि मग त्याच रुग्णाला अन्यत्र रक्तस्राव होतो. एकाच देहात गोठणे आणि वाहणे! विद्यार्थ्यांना हे सांगताना दरवेळी दोनदा सांगावे लागते.

कोविडने हे घरोघर दाखविले. 2020 मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या प्रतिकार आवरणाऱ्या स्वस्त औषधाने कृत्रिम श्वासावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र लाभ झाला नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनची गोष्ट नेमकी उलट. 2021 च्या निष्कर्षांनुसार त्याची पूर्ण मात्रा मध्यम आजारी रुग्णांना उपयोगी पडली. अतिदक्षता विभागात पोहोचलेल्यांना नाही. औषध तेच, वेळ निराळी. घरच्या घरी, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून ही औषधे घेणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आता डेंग्यू. येथे मुख्य संकट गुठळीचे नसून वाहिन्यांच्या भिंती पाझरण्याचे आहे. आणि त्यातही प्रतिकारशक्तीचा हात असतो. क्यूबामध्ये 1977 साली डेंग्यूच्या पहिल्या प्रकाराची साथ आली. 1981 साली दुसरा प्रकार आला, तेव्हा 3,44,203 रुग्ण नोंदले गेले आणि 158 जण दगावले. पहिल्या प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्याला रोखू शकत नाहीत, उलट पेशींत शिरण्यास त्याला साहाय्य करतात, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. म्हणून “याला मागे एकदा डेंग्यू होऊन गेला आहे” हे वाक्य दिलासा म्हणून नव्हे, माहिती म्हणून डॉक्टरांना अवश्य सांगावे.

रक्तातील द्रव बहुधा ताप उतरू लागतानाच, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, पाझरू लागतो. घरचे सुटकेचा श्वास टाकतात तीच ही घटका. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास आकड्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. डॉक्टर रक्ताचा दाटपणाही तपासतात, कारण द्रव निसटला की तो वाढतो. प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून कमी, पण रक्तस्राव नाही, अशा प्रौढांना केवळ आकड्यासाठी प्लेटलेट चढविल्याने रक्तस्राव टळत नाही, असे सिंगापूर-मलेशियातील चाचणीने 2017 मध्ये दाखविले.

तापासाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत द्यावे. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन देऊ नयेत. ॲस्पिरिनची एक गोळी ज्या रक्तपट्टिकेला निकामी करते, ती पुन्हा कामाला लागत नाही. तिचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे. नव्या तयार होईपर्यंत मुलाला उरलेल्यांवरच निभवावे लागते.