हिमवर्षावातही न थांबणारी सायकल
औलू नगराचा अनुभव आणि आपल्यासाठी बोध

सायकल हे स्वस्त, आरोग्यदायी आणि इंधनाची बचत करणारे वाहन आहे, हे आता कोणास पटवून द्यावे लागत नाही. तथापि, मोठ्या उत्साहाने सुरू केलेली सायकल ऋतू पालटताच भिंतीला टेकून ठेवली जाते, हाही सर्वत्र येणारा अनुभव आहे. प्रतिकूल हवामानात हा उत्साह टिकावा कसा? केवळ उपदेशाने तो टिकत नाही, त्यामागे व्यवस्था उभी करावी लागते, हे फिनलंडमधील औलू या नगराने दाखवून दिले आहे.

कडाक्याची थंडी, अपुरा प्रकाश

दोन लाखांहून अधिक वस्तीचे हे नगर उत्तर ध्रुववृत्ताच्या दक्षिणेस अवघ्या सुमारे १७० किलोमीटरवर आहे. जानेवारीतील सरासरी तपमान उणे ९ ते १० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. डिसेंबरच्या अखेरीस दिवसाचा प्रकाश जेमतेम साडेतीन तास मिळतो. असे असूनही येथील अनेक नागरिक हिवाळाभर सायकलनेच कामावर जातात. मेट्सोकांगास येथील शाळेत सुमारे १,२०० विद्यार्थी असून, भर थंडीतही त्यांपैकी हजाराच्या आसपास मुले सायकलने येत असल्याची नोंद झाली आहे. हिवाळ्यातील सायकल वाहतुकीवरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये याच नगरात भरली, ती योगायोगाने नव्हे.

अडथळा थंडीचा नव्हे, वाटेचा

थंडीमुळेच सायकल सुटते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पायडल मारू लागताच शरीरात उष्णता निर्माण होते आणि थोड्याच वेळात अंगातील थंडी निघून जाते. खरी भीती असते ती घसरण्याची, बर्फात चाक रुतण्याची आणि अंधाराची. कडक थंडीत दाबून घट्ट झालेल्या बर्फावरून सायकल बऱ्यापैकी चालते. तपमान शून्याच्या आसपास आले, बर्फ वितळून पुन्हा गोठला, की मात्र वाट निसरडी होते. म्हणजेच सर्वांत थंड दिवस हा सर्वांत अवघड दिवस असतोच असे नाही.

हे ओळखून औलूने आपले नियोजन केले. पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी सुमारे ९०० किलोमीटर लांबीचे मार्ग तेथे आहेत. ते बहुतांशी मोटारींच्या रस्त्यापासून वेगळे असून त्यांवर दिव्यांची सोय आहे. मोठे रस्ते ओलांडण्यासाठी ठिकठिकाणी भुयारी मार्ग आहेत. बर्फ पडला की प्रमुख सायकलमार्गांवरील बर्फ सकाळची वर्दळ सुरू होण्यापूर्वी यंत्राने बाजूला सारला जातो. सर्व बर्फ खरवडून काढण्याऐवजी त्याचा घट्ट, सपाट थर राखला जातो आणि घसरण होऊ नये म्हणून त्यावर बारीक खडी पसरली जाते.

येथे वेळेला फार महत्त्व आहे. दुपारी साफ केलेला मार्ग सकाळी शाळेला निघालेल्या मुलाच्या उपयोगी पडत नाही. दोन-तीन वेळा वाट बंद दिसली, की मनुष्य दुसरे वाहन शोधतो आणि सवय मोडते. उलट, वाट मोकळी असेलच असा भरवसा असला, की रोज सकाळी मनाशी झगडावे लागत नाही. स्वीडनमधील दोन नगरांतील कर्मचाऱ्यांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्गांची हिवाळी देखभाल सुधारल्यास हिवाळ्यातील सायकल फेऱ्या जास्तीत जास्त १८ टक्क्यांनी वाढू शकतील, असा अंदाज त्यात व्यक्त करण्यात आला होता.

सायकलस्वाराची तयारी

व्यवस्थेइतकीच स्वतःची तयारीही आवश्यक असते. एकच जाड कोट घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर घालणे सोयीचे ठरते. घरातून निघताना किंचित थंडी वाजावी, इतपतच कपडे असावेत. अन्यथा घाम येतो आणि ओल्या कपड्यांतच थंडी अधिक बाधते. हातमोजे व कान झाकणारी टोपी मात्र टाळू नये. निसरड्या वाटेसाठी लोखंडी खिळे बसवलेले टायर मिळतात. दिवा, ब्रेक व साखळी आदल्या रात्रीच तपासून ठेवल्यास सकाळी आळसाला निमित्त उरत नाही. महत्त्वाचे म्हणजे, थंडी वाढण्यापूर्वीपासूनच नित्यनेम ठेवावा. खंड पडल्यानंतर पुन्हा आरंभ करणे अधिक कठीण असते.

महाराष्ट्रातील संदर्भ

आपल्याकडे सायकलीची कसोटी लागते ती पावसाळ्यात. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमांतर्गत इयत्ता आठवी ते बारावीतील गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्यात आल्या. परंतु वाडीपासून शाळेपर्यंतची वाट चिखलात बुडाली, तर सायकल घरी राहते आणि पुष्कळदा मुलगीही घरीच राहते. वाहन दिल्याने निम्मेच काम होते. उरलेले निम्मे वाटेने करावयाचे असते.

यासाठी मोठ्या खर्चाचीच गरज असते असे नाही. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी पंचायत सदस्य व शिक्षक यांनी मुलींच्या वाटेने एकदा स्वतः जाऊन पाहावे. खड्डे मुरूम टाकून बुजवणे, मोरी व बाजूचे गटार साफ करणे, वाटेवर येणारी काटेरी झुडपे तोडणे, ही कामे वेळीच करून घेता येतात. शाळेत सायकलींसाठी साधी शेड, हवा भरण्याचा पंप आणि पंक्चर काढण्याचे साहित्य असल्यास मुलींची मोठी अडचण दूर होईल.

औलूतील मुले आपल्या मुलांहून अधिक धाडसी आहेत असे नव्हे. त्यांच्या आधी कोणीतरी पहाटे उठून त्यांची वाट मोकळी केलेली असते. तेवढी काळजी येथेही घेतली गेली, तर भर पावसातही शाळेच्या वाटेवर सायकलीची घंटी ऐकू येत राहील.