साखळीने कुत्रा सुधारत नाही

भिवंडीत कुत्रा बहुतेक वेळा राखणीसाठी आणला जातो. काल्हेर, राहनाळ, दापोडे, माणकोली या पट्ट्यातल्या गोदामांच्या फाटकाशी, यंत्रमागाच्या कारखान्याच्या आवारात, बंगल्याच्या जिन्याखाली तो दिसतो. आणि दिसतो तेव्हा सहसा बांधलेलाच असतो. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. रात्रभर भुंकतो, कामगारांच्या अंगावर धावतो, हाताशी येईल ते फाडतो. त्यावर ठरलेला उपाय म्हणजे साखळी आखूड करायची आणि काठी जवळ ठेवायची. अशी कुत्री मी सतत पाहत आलो आहे, आणि त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. ज्याला आपण कुत्र्याची खोड म्हणतो, ती बहुधा आपण त्याला दिलेल्या दिवसातून आलेली असते. मारून ती जात नाही. ती दबते, आणि पुढे कुणाला तरी चावा बसतो.

हे कसं घडतं ते नीट समजून घ्यायला हवं. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं पिल्लं वाढवून अभ्यास केला आणि 1965 साली तो पुस्तकरूपाने मांडला. पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात जे पाहतं, हुंगतं, ऐकतं, त्याला ते आपलं मानतं. त्या काळात जे भेटलं नाही, त्याची पुढे भीती बसू शकते. गोदामाच्या कोपऱ्यात वाढलेल्या पिल्लाला डोक्यावर कापडाचे तागे घेतलेला हमाल हा माणूस वाटतच नाही. खांद्यांच्या वर भलतंच काहीतरी असलेला, डुलत जवळ येणारा तो एक आकार असतो. मोकळं कुत्रं अशा वेळी चार पावलं मागे सरकून अंदाज घेतं. बांधलेल्याला मागे सरकता येत नाही, म्हणून ते पुढे झेप घेतं आणि भुंकतं. हमाल आपल्या कामाला निघून जातो. कुत्र्याला मात्र वाटतं, भुंकलो म्हणून गेला. ज्या कृतीचं फळ मिळतं ती पक्की होते, हे मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने 1898 सालीच प्रयोगाने दाखवलं. दिवसभर माणसं येणार आणि जाणार, त्यामुळे हा धडा दिवसभर गिरवला जातो.

‘मार खाल्ल्याशिवाय कुत्रं वळणावर येत नाही, मालक कोण ते कळलंच पाहिजे,’ हे म्हणणं नेहमी ऐकू येतं. कळपात एक दांडगा लांडगा बाकीच्यांना दाबून ठेवतो, ही समजूत त्यामागे आहे. ती मुख्यतः संशोधक शेंकेल यांच्या 1947 च्या निरीक्षणातून आली, आणि ते लांडगे पिंजऱ्यात कोंडलेले होते. ही कल्पना पुढे आपल्या पुस्तकातून पसरवणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच 1999 साली ती दुरुस्त केली: रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. पोर्तुगालमधला 2020 चा अभ्यासही सांगतो की धाकदपटशाने शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं आणि ताणाचं संप्रेरक, दोन्ही जास्त आढळतात. सगळ्यात मोठा धोका गुरगुरण्यावर मारण्यात आहे. ओठ चाटणं, नजर चुकवणं, कान मागे जाणं, अंग ताठ होणं आणि मग गुरगुरणं, साधारण या क्रमाने कुत्रा ‘लांब राहा’ असं सांगत असतो. मार खाऊन तो गुरगुरायचं सोडतो, भीती मात्र तशीच राहते. आणि मग लोक म्हणतात, काही कारण नसताना चावला.

‘गोदामाला कडकच कुत्रा हवा,’ हा दुसरा आक्षेप. पण जो सगळ्यांवरच भुंकतो, त्याच्या भुंकण्यावरून वॉचमनला काय कळणार? ओळखीच्या माणसांत शांत राहणारा कुत्रा परक्याच्या चाहुलीने उठतो, तेव्हाच त्या आवाजाला अर्थ असतो. शिवाय कायदा आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला अवाजवी वेळ, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणं गुन्हा आहे. आणि जनावराबाबत निष्काळजी राहून माणसाचा जीव धोक्यात घातला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

‘बारा तासांच्या पाळीत वेळ कुठून काढायचा?’ ही अडचण खरी आहे. पण शिकवणीला पाच-पाच मिनिटं पुरतात, आणि रोजच्या जेवणातलाच घास बक्षीस होतो. कंटेनरच्या हॉर्नला बिथरणाऱ्या कुत्र्याला रस्त्यापासून इतकं लांब न्या, की हॉर्न ऐकू येईल पण तो भुंकणार नाही. हॉर्न वाजला की लगेच उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा द्या. तो हॉर्न ऐकून तुमच्याकडे पाहू लागला, की थोडं जवळ या. भुंकला तर न ओरडता पुन्हा लांब जा. पिल्लाला उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या, तिथे शू केली की त्याच क्षणी शाबासकी द्या. लसी पूर्ण होईपर्यंत त्याला कडेवर घेऊन बाजार, मुलं, हेल्मेटवाले दाखवा. मोठ्या कुत्र्याला पहाटे फिरवा. उन्हाने तापलेल्या डांबरावर पंजे भाजतात.

शिकवणीलाही मर्यादा आहेत. शांत कुत्रा एकाएकी चिडका झाला तर कान, दात, सांधे यांचं दुखणं असू शकतं. आधी पशुवैद्याकडे न्या. चावा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची लावत बसू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्र्याची रेबीजची लस दरवर्षी चुकवू नका.

कुत्रा आणायच्या आधी एवढा हिशेब करा: रोज अर्धा-पाऊण तास त्याच्यासाठी घरात किंवा कारखान्यात कुणाकडे आहे, त्या माणसाचं नाव काय? नाव सांगता येत नसेल, तर कुत्रा आणू नका. राखणीला वॉचमन आणि कॅमेरा पुरेसा आहे.