आवडत नाही, की धास्ती घेतलीस?

सोनू, काल फोनवर म्हणालीस, "ताई, मला गणिताचं काही नकोच. बीएला सायकॉलॉजी घेते." मी नुसतं हं हं केलं. आता निवांत ऐक.

मागच्या महिन्यात डेअरीचं दहा दिवसांचं बिल आलं, तेव्हा बाबा स्लिपांचा गठ्ठा घेऊन बसले होते. फॅट ३.८, एसएनएफ ८.५, पुढे लिटर आणि दर. तू पोहे खाता खाता म्हणालीस, "मंगळवारी सकाळीच फॅट ३.१ कशी लागली? गाय तीच, पेंड तीच." मग कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता काढून बसलीस. पोहे गार झाले. अशा मुलीला आकडे आवडत नाहीत? मला नाही पटत.

अगं, अकरावीच्या पहिल्या चाचणीत गणितात पंचवीसपैकी सात पडले, ते सात मनातून जात नाहीयेत तुझ्या. नावड असो की भीती, पुस्तक मिटूनच राहतं. म्हणून गफलत होते. माझीही झाली होती. फळ्यापाशी अडले, सर हसले, आणि स्टॅट्स सोडून मैत्रिणीमागे बॉटनीला गेले. वर्षभर देठांचे छेद घेत जांभया दिल्या. (बॉटनी वाईट नाही गं, मीच तिथली नव्हते.)

तुझ्याच सायकॉलॉजीतला अल्बर्ट बंडुरा. 'हे मला जमेल' या विश्वासाबद्दल त्याने १९७७ मध्ये लिहिलं. तो विश्वास शाबासकीपेक्षा जास्त वाढतो तो स्वतः काही तडीस नेलं की. आणि हो, सायकॉलॉजीतही स्टॅटिस्टिक्स शिकावं लागतं बरं का! पळून जाशील तिथे ते दारातच उभं.

सायकॉलॉजी मनापासून हवी असेल तर खुशाल घे, बाबांशी मी बोलते. पण फॉर्म भरण्याआधी पंधरा दिवस रोज दोन गणितं सोडव, सोप्यातली सोपी. मार्क द्यायला कुणी नको. शिवाय लायब्ररीतून सायकॉलॉजीची आणि आकड्यांशी नातं असलेल्या इकॉनॉमिक्सची पहिल्या वर्षाची पुस्तकं आण. कुठलं वाचताना आईची जेवायची हाक ऐकू येत नाही, ते मला कळव.

रविवारी येतेय. त्या स्लिपा बंबात घालू नकोस, मला तुझा तक्ता बघायचाय.