नागावात लोखंडी जाळी घेताय? फुटावर नको, किलोवर घ्या

थळचा खत कारखाना असो वा डोलवीचा पोलाद प्रकल्प, अशा ठिकाणी उंचावरच्या वाटा आणि जिने स्टील ग्रेटिंगचेच करतात. पाणी खाली गळून जातं, उजेड आरपार येतो, पाय घसरत नाही. हीच जाळी नागावच्या वाडीत गेटसमोरच्या गटारावर किंवा विहिरीवर बसवायची वेळ आली, की आपण सगळं वेल्डिंगवाल्यावर सोपवतो आणि चौरस फुटाचा दर तेवढा विचारतो. फसगत तिथेच होते.

उभी पट्टी 25 मिमी उंच, 5 मिमी जाड आणि दोन पट्ट्यांत 30 मिमी अंतर असेल, तर चौरस मीटरला साधारण 35 किलो वजन भरतं, म्हणजे चौरस फुटाला सव्वातीन किलो. पट्टी 3 मिमीची घातली की तेच दोन किलोंवर येतं. वरून दोन्ही जाळ्या सारख्याच दिसतात! म्हणून बिलावर पट्टीचं माप आणि वजन लिहून घ्या, माल काट्यावर चढवा.

आता हिशेब. तीन मीटरचं गेट आणि टेकूसकट अर्धा मीटर रुंदी, म्हणजे दीड चौरस मीटर. जस्त चढवलेल्या जाळीचा दर सोयीसाठी किलोला 100 रुपये धरू. खरा दर पोलादाच्या भावाप्रमाणे हलतो, त्या दिवशीचा विचारा. साधारण 53 किलोचे 5,300 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 6,254. ही जाळी माणसं, दुचाकी, फार तर मोटार झेलेल. पाण्याचा टँकर किंवा चिऱ्यांचा ट्रक आत येणार असेल तर 50 बाय 6 ची पट्टी लागेल. तशा जाळीचं वजन 120 किलो, खर्च 14,160. अँगलची चौकट आणि टेम्पोभाडं वेगळं. कळंबोलीहून वडखळमार्गे माल आणायचा, तर दोन-तीन घरांनी मिळून मागवावा.

नागावात खरी लढाई खाऱ्या वाऱ्याशी आहे. इथे रंगावर भागवू नका. जोडाच्या फटीत आधी गंज धरतो. वितळलेल्या जस्तात बुडवलेली, म्हणजे हॉट डिप जाळीच घ्या. 5 मिमी पट्टीवर चौरस मीटरला 610 ग्रॅम, म्हणजे सुमारे 85 मायक्रॉन जस्त मागा. समुद्राच्या अगदी तोंडावर ते वर्षाला 4 ते 8 मायक्रॉन झिजतं, तेव्हा दहा वर्षं तरी निघतात. चंदेरी स्प्रे म्हणजे गॅल्व्हनायझिंग नव्हे. कापणं, वेल्डिंग सगळं आधी, जस्त शेवटी. नंतर कापलेली कड उघडी पडते आणि पहिल्याच पावसात लाल होते.

बसवताना स्वतः उभे राहा. उभ्या पट्ट्या गटाराच्या रुंदीला आडव्या, दोन्ही टोकं काठावर टेकलेली हवीत. लांबीच्या दिशेने टाकल्या तर पट्टीची ताकद वाया जाते आणि भार बारीक आडव्या सळ्यांवर येऊन जाळी बसते.

जड जाळीचा मीटरभर तुकडा 40 किलोचा होतो. अर्ध्या मीटरचे सहा तुकडे करून घ्या. मृगाआधी गटार उपसताना एकट्या माणसाला उचलता येतील.