दान आणि देणे
शास्त्रपाठ : लूक १९:१-१०



यरीहोचा जक्कय उंबराच्या झाडावर चढला, ही गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो आहोत. पण धडा त्याच्या घरात घडलेल्या गोष्टीत आहे. हा मुख्य जकातदार प्रभूसमोर उभा राहिला आणि त्याने दोन गोष्टी जाहीर केल्या : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवले असेल त्याला चौपट परत. पहिले दान होते, दुसरे देणे. त्याने दोन्ही एकत्र केली नाहीत.

१. क्षमा विकत मिळत नाही
क्रम पाहा. प्रभूने आधी त्याला नावाने हाक मारली व त्याच्या घरी उतरण्याचे ठरवले. लोक कुरकुरले. हिशेबाचे बोलणे त्यानंतर निघाले. म्हणून भरपाई ही क्षमेची किंमत नव्हे. ती पश्चात्तापाचे फळ आहे.

२. कबुली नेमकी असावी
“आम्ही सर्व पापी आहोत” असे म्हणणे सोपे आहे. त्यात ना माणूस असतो, ना रक्कम. नाथान संदेष्ट्याने दावीदाला गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली आणि मग थेट त्याच्याकडेच बोट दाखवले (२ शमुवेल १२). पाप पदरी घेणे म्हणजे, काय केले आणि कोणाचे केले, हे देवापुढे स्पष्ट सांगणे.

३. ज्याचे त्याला परत
नियमशास्त्रात पाप कबूल करून पूर्ण भरपाई व वर पाचवा हिस्सा देण्याची आज्ञा आहे (गणना ५:५-७). शंभर बुडवले, तर एकशेवीस द्यायचे. दोषार्पणाच्या दिवशीच ते मूळ मालकाला द्यायचे होते (लेवीय ६:१-७). प्रभूनेही वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले (मत्तय ५:२३-२४). जक्कय तर पाचव्या हिश्श्यावर थांबलाच नाही.

४. आपल्यासाठी
एकेकाळी ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी कर्ज घेणारा वारली तरुण ‘लग्नगडी’ होऊन पत्नीसह सावकाराच्या शेतावर राबत असे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी आणि तिच्यामागचे कर्ज दोन्ही रद्द केले. पण मन पालटण्याचे काम कायदा करू शकत नाही. मोह किंवा डिंक घेताना मारलेला काटा, वीटभट्टीच्या उचलीतून जास्त वळती केलेली रक्कम, घरकामाला आलेल्या मुलीचा अडवलेला पगार, ही देणी आजही राहू शकतात.

आदिवासी बांधवांसाठी आपण प्रेमाने दान पाठवता, त्याबद्दल देवाची स्तुती असो. पण दानपेटीत टाकलेल्या पैशाने बुडवलेली मजुरी फिटत नाही. ती त्या मजुराच्याच हातात जायला हवी. तो क्षमा करील की नाही, हे त्याच्यावर सोपवावे. पैसे देताना क्षमेची अट घालू नये.

मननासाठी प्रश्न
• माझ्या कबुलीत एखाद्या माणसाचे नाव आहे का?
• मी दान समजून देतो, ते खरे तर कोणाचे देणे आहे का?
• या आठवड्यात मी कोणाच्या दारी जायला हवे?

प्रार्थना : हे दयाळू पित्या, आमचे पाप पदरी घेण्याचे धैर्य दे. ज्याचे आम्ही घेतले, त्याच्याकडे जाण्याची नम्रता दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.