पवनचक्कीची मालक ग्रामपंचायत

नळयोजना पूर्ण झाली, रस्त्यांवर दिवे लागले, की ग्रामपंचायतीपुढे विजेच्या देयकाचा प्रश्न उभा राहतो. सोयी वाढतात तसा हा खर्चही वाढत जातो आणि पुढे तोच नव्या कामांच्या आड येतो. तामिळनाडूतील कोइमतूर जिल्ह्यात, निलगिरीच्या पायथ्याशी असलेल्या ओडंतुरै ग्रामपंचायतीचा अनुभव याहून निराळा नव्हता. तिने काढलेला मार्ग मात्र निराळा होता.

१९९६ ते २००६ या काळात आर. षण्मुगम हे या पंचायतीचे अध्यक्ष होते. प्रथम, २००३ साली, पाणी उपसण्यासाठी ९ किलोवॅटचे एक लहान संयंत्र बसविण्यात आले. टाकाऊ लाकडापासून ज्वलनशील वायू तयार करून त्यावर ते चाले. त्यामुळे पाणी उपशाचा खर्च बराच उतरला. परंतु साऱ्या गावाची गरज एवढ्याने भागणारी नव्हती. २००६ साली पंचायतीने ३५० किलोवॅट क्षमतेची पवनचक्की स्वतःच्या मालकीने उभारली. खर्च सुमारे १ कोटी ५५ लाख रुपये आला. पैकी ४० लाख रुपये पंचायतीच्या शिलकीतील होते व उरलेली रक्कम बँकेचे कर्ज होते. ही शिल्लक आधी साठली नसती, तर कर्जाचा विचारही करता आला नसता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

ही चक्की ओडंतुरैच्या हद्दीत नाही. ती दूर, उडुमलपेट भागातील मैवाडी येथे आहे. पश्चिम घाटाच्या रांगेत पालघाटची रुंद खिंड आहे आणि नैर्ऋत्य मोसमी वारे तिच्यातून वेगाने पूर्वेकडे वाहतात. त्या वाऱ्याच्या वाटेवर चक्की, आणि गावात विजेचा वापर, अशी ही व्यवस्था आहे. निर्माण झालेली वीज राज्याच्या विद्युत जाळ्यात जाते. गावाचा वापर तीमधून वजा होतो व उरलेली वीज विकली जाते. जेथे वारा तेथेच गाव असले पाहिजे, ही समजूत यामुळे गळून पडते. मात्र वीजवहनाचे आणि जमाखर्चाचे नियम राज्याराज्यांत भिन्न आहेत. ते पाहिल्यावाचून कोणत्याही पंचायतीने असा ठराव करू नये.

यंत्रावर लिहिलेल्या क्षमतेने हुरळून जाण्याचेही कारण नाही. ३५० किलोवॅटचे यंत्र वर्षभर अखंड चालले तर ३० लाखांहून अधिक युनिटे मिळतील. ओडंतुरैच्या चक्कीचे उत्पादन सुमारे पावणेसात लाख युनिटे सांगितले जाते, म्हणजे पाचव्या हिश्शाहून थोडे अधिक. वारा हंगामी असल्याने असेच घडणार. गावाची गरज सुमारे साडेचार लाख युनिटांची असल्याने तेवढेही पुरून उरले. कोळशावरील विजेच्या एका युनिटामागे साधारणतः एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो, हे लक्षात घेतल्यास एका पंचायतीच्या या चक्कीमुळे वर्षाला काहीशे टनांचे उत्सर्जन टळते.

महाराष्ट्रालाही पवनचक्क्या नव्या नाहीत. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडी पठारांवर त्या कित्येक वर्षांपासून फिरत आहेत. त्यांची मालकी मुख्यतः बाहेरच्या गुंतवणूकदारांकडे आहे. पठाराखालच्या गावांत पाण्याच्या पंपाचे देयक मात्र ग्रामपंचायतीच्याच नावे येते.