नव्या खिडकीत कागद उघडणे

शाळेच्या दप्तराचा बराच भाग आता संगणकावर भरला जातो. यू-डायस प्लसची माहिती असो वा शिष्यवृत्तीचा अर्ज असो, पूर्वी टेबलावर समोर नमुना व शेजारी त्यास लागणारा कागद अशी मांडणी होत असे. पडद्यावरही ती करता येते; मात्र कागद कोणत्या खिडकीत उघडतो याकडे लक्ष देणे अवश्य आहे.

समजा, मुख्याध्यापक शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत आहेत. निम्मे रकाने भरल्यावर उत्पन्नमर्यादेविषयी शंका येते, म्हणून ते तेथेच दिलेल्या शासन निर्णयाच्या लिंकवर क्लिक करतात. निर्णय त्याच खिडकीत उघडला तर अर्जाचे पान दूर सारले जाते. मागे जाण्याचे बटण दाबल्यावर पान परत येते खरे. परंतु पुष्कळदा ते सर्व्हरकडून नव्याने मागविलेले असते आणि जतन न केलेले रकाने रिकामे दिसतात. असे अर्ज चाळीस भरावयाचे असले म्हणजे या रिकाम्या रकान्यांची किंमत कळते. तोच निर्णय नव्या खिडकीत किंवा नव्या टॅबमध्ये उघडल्यास अर्ज जागच्या जागी राहतो. प्रणालीत तशी सोय नसेल, तर कंट्रोल कळ दाबून धरून लिंकवर क्लिक करावे. मोबाइलवर लिंक दाबून धरली असता तसा पर्याय पुढे येतो.

कधी कधी मात्र बटण दाबूनही काहीच उघडत नाही. यंत्र बिघडले असा ग्रह होऊन तेच बटण पुनःपुन्हा दाबले जाते. वस्तुतः यंत्र ठीक असते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जाहिरातदारांनी न विचारता खिडक्या उघडण्याचा असा सपाटा लावला, की ब्राउझर बनविणाऱ्यांना त्या अडविण्याची योजना करावी लागली. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये ती इंटरनेट एक्सप्लोररमध्ये घातली. वाचणाऱ्याने स्वतः क्लिक केले असेल तरच नवी खिडकी उघडू द्यावयाची, हे त्या योजनेचे तत्त्व होय. आता, निकालपत्रक तयार करण्यास सर्व्हरला वेळ लागतो. प्रणाली तोवर थांबून मग खिडकी उघडू लागली, तर क्लिक व खिडकी यांचा संबंध तुटतो आणि ब्राउझर तिला आगंतुक समजतो. म्हणून जाणता रचनाकार क्लिक होताच कोरी खिडकी उघडून ठेवतो व कागद आल्यावर तो तीत दाखवितो. अशी कोरी खिडकी दिसल्यास ती घाईने बंद करू नये.

अडविलेल्या खिडकीची खूण संगणकावर बहुधा पत्त्याच्या पट्टीपाशी दिसते. तेथून त्या एकाच संकेतस्थळास पॉप-अपची परवानगी द्यावी. सर्वांनाच मोकळीक देणे सोपे खरे, पण मुलेही जो संगणक हाताळतात त्यावर ते मुळीच इष्ट नाही.

नव्या खिडकीत मागे जाण्याचे बटण सहसा चालत नाही, कारण तिच्यामागे पानच नसते. नवशिके सहकारी येथे अडखळतात; खिडकी बंद करून अर्जाकडे परतावयाचे, एवढे त्यांना सांगितले म्हणजे पुरते. विद्यार्थ्याचा जन्मदाखला वा पालकांचा उत्पन्नाचा दाखला मात्र अर्जाच्या पाठीमागे तसाच उघडा राहून जाण्याचा संभव असतो. संगणक सामाईक असल्यास उठण्यापूर्वी सर्व खिडक्या पाहून घ्याव्यात व प्रणालीतून रीतसर बाहेर पडावे.